प्रस्तावना : सोबत कोण?

घर असणे म्हणजे काय, याचे उत्तर आपल्या सरकारी दफ्तराने फार पूर्वीच मुकर्रर करून ठेवले आहे. शिधापत्रिकेवर ज्याचे नाव आहे, मतदारयादीत ज्याच्या नावापुढे घरक्रमांक आहे, ज्याच्या टपालावर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे सारे बिनदिक्कत लिहिता येते, तो घरचा. आणि ज्याच्या बाबतीत यांतले काहीच सांगता येत नाही, तो बेघर. २०११ सालच्या जनगणनेत अशा बेघर इसमांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्री झाली. फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या ओवऱ्यांत आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर निजलेली माणसे प्रगणकांनी मोजली, आणि देशभरात १७ लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक बेघरांची नोंद झाली. त्याच जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा रकाना प्रथमच उघडला गेला. त्यात देशभरातून ४ लाख ८७ हजारांवर आणि महाराष्ट्रातून ४० हजारांवर माणसे नोंदली गेली. प्रस्तुत विवेचन ज्यांच्याविषयी आहे, ती अठरा ते पंचवीस वर्षांच्या आसपासची समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी मुले-मुली या दोन्ही आकड्यांतून बहुतांशी निसटलेली आहेत. ज्या मुलाला घरच्यांनी दार लावून घेतले, परंतु जो आज मित्राच्या खोलीवर, उद्या लग्नाच्या बँडवाल्यांच्या तळावर आणि परवा एखाद्या तृतीयपंथी गुरूच्या डेऱ्यात पथारी टाकतो, तो फलाटावर शोधायला गेलेल्या प्रगणकास सापडत नाही. आणि तो स्वतःस पुरुषच समजत असेल, केवळ पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, तर ‘इतर’ या रकान्याशीही त्याचा काही संबंध उरत नाही.

या मुलांच्या दारूविषयी बोलू लागले की भल्याभल्या माणसांचा विचार एका ठरलेल्या वाटेने चालतो. घरच्यांनी टाकले, दुःख झाले, दुःखापोटी पिऊ लागला. तेव्हा आधी त्याचे पिणे सोडवावे, मग राहण्याखाण्याचे पाहू, असे ही माणसे कळकळीने सांगतात. दुःख हे त्या पिण्याचे एक कारण खरेच आहे. परंतु या मुलांचे दिवस थोडे जवळून पाहिले असता असे आढळते की, ज्या हाताने त्यांना पहिल्यांदा आसरा दिला त्याच हाताने पेलाही पुढे केलेला असतो, आणि त्यामुळे पेला टाकायचा म्हणजे आसराही टाकायचा, असा पेच त्यांच्यापुढे रोज सायंकाळी उभा राहतो. सामाजिक आधार माणसास व्यसनापासून वाचवतो, हे सर्वमान्य विधान त्यांच्या बाबतीत अर्धेच खरे ठरते. आधार कोणाचा, तो कोणत्या किमतीला मिळाला आणि तो नाकारल्यास रात्र कोठे काढायची, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असल्याखेरीज व्यसनमुक्तीचा उपदेश करणे हे त्या मुलास पुन्हा एकदा बेघर करण्यासारखेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयासाठी गोंदिया जिल्हा डोळ्यांपुढे ठेवण्याचे कारण एवढेच नव्हे की, मोठ्या शहरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि महाराष्ट्राच्या या पूर्व टोकाविषयी फारसे कोणी लिहिले नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सरहद्दीचा आहे. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगडचा मुलूख, दक्षिणेस गडचिरोली. बाजारात हिंदी, घरात पोवारी किंवा झाडीबोली, सालेकसा-देवरीकडील पाड्यांत गोंडी. माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकते, शहरात त्या धानाच्या गिरण्या चालतात, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचला जातो, आणि हंगाम सरला की हातांना काम शोधत माणसे बाहेर पडतात. बाहेर पडणे येथे सोपे आहे. कारण हावडा-मुंबई हा मुख्य लोहमार्ग, बालाघाटकडून जबलपूरकडे जाणारा मार्ग आणि वडसा-नागभीडवरून बल्लारशाहकडे उतरणारा मार्ग हे तिन्ही गोंदिया जंक्शनात एकत्र येतात, आणि घरातून निघालेल्या मुलास कोणत्याही घटकेला कोणत्या ना कोणत्या दिशेची गाडी मिळते. ज्याला तिरोड्यात किंवा आमगावात ओळखतात, तो नागपूर वा रायपूर गाठतो; ज्याला बालाघाटच्या किंवा डोंगरगडच्या बाजूच्या खेड्यात ओळखतात, तो गोंदियात उतरतो. एकाच फलाटावर काही जण ओळख पुसण्यासाठी गाडीत चढत असतात आणि काही जण त्याच हेतूने उतरत असतात.

वयाचा प्रश्न येथे फार मोठा ठरतो. अठरा वर्षांखालील मूल फलाटावर एकटे आढळल्यास त्याच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे, रेल्वे सुरक्षा दलाचा बंदोबस्त आहे, बालकल्याण समिती आहे. त्या साऱ्या व्यवस्थेत उणिवा असतील, पण ती आहे. अठरावा वाढदिवस उलटला की तोच मुलगा कायद्याच्या दृष्टीने सज्ञान इसम होतो, आणि त्याच बाकावर निजल्याबद्दल त्याला उठवून हाकलले जाते. आपल्याकडे घर सोडण्याची वेळ नेमकी याच सुमारास येते, कारण शाळा संपलेली असते, लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात, आणि तोवर ‘लहान आहे, सुधारेल’ म्हणून ज्याकडे दुर्लक्ष केले ते आता दुर्लक्षिता येत नाही.

या मुलखात त्या मुलाला गावाने कधी पाहिलेच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील, म्हणजे या पूर्व विदर्भातील, गावागावांत मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा मिठाईची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकाने लागतात, लेकी-जावई, सोयरे-धायरे लांबलांबच्या गावांहून येतात, आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये उभी राहतात ती पहाटेपर्यंत. दंडारीत स्त्रीची सोंगे परंपरेने पुरुषांनीच वठवली. आज काही मंडळ्यांत स्त्रिया काम करीत असल्या तरी लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून, पावडर-कुंकू लावून ढोलकीच्या ठेक्यावर नाचणारा नाच्या अजूनही लोकांना हवा असतो. ज्याच्या चालण्यात आणि हातवाऱ्यांत मुळातच मार्दव आहे, अशा मुलाला गावकरी हौसेने पुढे करतात. म्हातारेकोतारे त्याच्या अदाकारीवर खूश होऊन नोटा लावतात, आयाबाया आपल्या पेटीतले लुगडे त्याच्यासाठी काढून देतात. रात्रभर त्याला सारे गाव पाहते, आणि कदाचित आयुष्यात प्रथमच तो पाहिला गेल्याचा त्याला आनंद होतो. सकाळी तोंड धुऊन तो विहिरीवर गेला आणि तीच चाल, तोच हात, तोच आवाज कायम राहिला की मग मात्र ‘बायल्या’ ही हाक ऐकू येते. या समाजाला त्या मुलाचे रूप ठाऊक आहे, त्याची कलाही आवडते. घरातल्या जेवणाच्या पंगतीत त्याला तेच रूप घेऊन बसू द्यायला मात्र हा समाज तयार नाही. मंडईच्या फडावर, पडद्यामागे, थंडी घालवण्यासाठी आणि भीड मोडण्यासाठी म्हणून वडीलधाऱ्या कलावंतांनी दिलेला मोहाच्या दारूचा घोट हा अशा कित्येकांच्या बाबतीत पहिला घोट असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे; दारू आणि स्वीकार या दोहोंची गाठ त्याच रात्री पडते.

घरातून जाणे हे नेहमी आरडाओरड करून, कपडे अंगणात फेकून होत नाही. पुष्कळदा आधी भगत-मांत्रिक होतात, मग शहरातला डॉक्टर होतो, मग एखाद्या नातलगाच्या शेतावर कामाला धाडणे होते, आणि सर्वांत शेवटी लग्न. मुलाला औषधाने वा उपचाराने ‘सरळ’ करण्याचे हे प्रयोग वैद्यकशास्त्रास मान्य नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली त्यांस मनाई करण्याचे निर्देश दिल्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला, हे आमच्या तालुक्याच्या गावांतील आईबापांना अद्याप कोणी सांगितलेले नाही. मुलींची कथा याहून दडलेली आहे. दोन मैत्रिणी घर सोडून निघाल्या तर प्रथम हरवल्याची फिर्याद दाखल होते, आणि सज्ञान असूनही त्यांना ठाण्यात बोलावून नातलगांच्या ताब्यात देण्याकडेच सर्वांचा कल असतो. त्यानंतरचे त्यांचे बेघरपण चार भिंतींच्या आत, बाहेरून कडी लावलेल्या खोलीत चालते. ज्या निसटतात, त्या नागपुरात किंवा पुण्यात सामाईक खोल्यांवर राहतात आणि पीत असतील तर ते कोणालाही सांगत नाहीत. स्त्री, त्यात पिणारी, त्यात स्त्रीवर प्रेम करणारी, इतका तिहेरी दोष माथी घेऊन मदत मागायला जाण्याचे बळ थोडक्याच जणींत असते.

कायदा गेल्या काही वर्षांत पुष्कळच बदलला. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांच्या परस्परसंमत संबंधांपुरते शिथिल केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा अमलात आणले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने त्या संबंधांपुरते ते कायमचे दूर केले. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने पारलिंगी व्यक्तींना स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य झाला होता. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्यातील १२ व्या कलमाने त्यांना कुटुंबात राहण्याचा अधिकार दिला, आणि १८ व्या कलमाने अशा व्यक्तीस घर वा गाव सोडण्यास भाग पाडणे हा सहा महिने ते दोन वर्षे कैदेचा अपराध ठरवला. ही तरतूद मोलाची आहे. पण ती समलिंगी मुलामुलींना लागू नाही. शिवाय आईबापांविरुद्ध फिर्याद देऊन त्याच घरात परत राहायला जाणे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातून होण्यासारखे नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळत असणार.

आता दारूविषयी. या जिल्ह्यात दारू ही बाहेरून आलेली वस्तू नव्हे. चैत्राच्या तोंडावर पहाटे मोहाच्या झाडांखाली बायका टोपल्या घेऊन बसतात, ओघळलेली फुले वेचतात, अंगणात वाळवतात. त्यांतली काही खाण्यात जातात, काही विकली जातात, काही भट्टीत जातात. गोंड समाजात जन्म, विवाह आणि मरण या तिन्ही प्रसंगी देवाला मोहाची धार वाहण्याची रीत आहे, आणि तिचा अवमान करण्याचा मला यत्किंचितही अधिकार नाही. देवाची धार वेगळी आणि सरकारमान्य दुकानातला पव्वा वेगळा. दक्षिणेकडील गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यासाठी तेथील स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी दीर्घ चळवळ केली. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठवली गेली. गोंदियात बंदी नाही, आणि बंदीच्या जिल्ह्याला लागून असलेल्या बिनबंदीच्या जिल्ह्यात दुकानांच्या फळ्या कशा भरलेल्या असतात हे सांगायला नको. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात. आणि मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. ज्याला घर आहे, बायको आहे, भावाची मोटारसायकल आहे, त्याची ही स्थिती. ज्याला यांतले काहीच नाही, त्याची गणना त्या अडतिसांतही होत असेल की नाही याची मला शंका आहे.

या मुलांनी दारू रस्त्यावर प्रथम पाहिली असे नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कित्येकांच्या घरी बाप पिऊन येत असे, आईवर हात टाकत असे, आणि पिऊन आल्यावरच मुलाच्या बायकी चालीचा त्याला अधिक राग येत असे. ज्या वस्तूने घर नकोसे केले तीच वस्तू पुढे घराबाहेरच्या रात्री सुसह्य करते, हा योगायोग नव्हे. भीती विसरण्याचा एवढा एकच उपाय त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असतो.

घराबाहेर पडलेल्या पारलिंगी मुलाला किंवा स्वतःला कोती, म्हणजे पुरुषावर प्रेम करणारा बायकी वळणाचा पुरुष, म्हणवणाऱ्या मुलाला चोवीस तास उघडे असणारे दार बहुधा एकच असते, ते तृतीयपंथीयांच्या डेऱ्याचे. गुरू, नानगुरू, गुरूभाई, चेला अशी तेथली नाती आहेत, आणि ती नुसती नावाची नाहीत. नव्या चेल्याला नाव मिळते, साडी मिळते, चुलीपाशी जागा मिळते, तापाने फणफणल्यावर कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारा हात मिळतो. मेल्यावर मूठमाती देणारे चार जण मिळतात, याची खात्री तर आपल्यापैकी अनेक घरंदाजांनाही नसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच लोकांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढवली होती, आणि तरीही ही कुटुंबव्यवस्था टिकली, यावरून तिचे सामर्थ्य कळावे. या आधारास मोल आहे. ते मोल चेला कमाईतून फेडतो. कमाई म्हणजे लग्नाघरची व बारशाची बधाई, बाजारातली आणि गाडीतली मंगती, आणि पुष्कळांच्या बाबतीत रात्रीचा देहविक्रय. अनोळखी माणसांपुढे टाळी वाजवून हात पसरण्याची लाज पहिल्या दिवसापासून कोणालाच गिळता येत नाही. ती गिळायला घोटभर लागते. गिऱ्हाईक तर पाजल्याशिवाय पैसे देत नाही.

सायंकाळचा हिशेब पाहण्यासारखा असतो. गाड्यांतून परत आलेली मंडळी गोल करून बसतात. चिल्लर एकीकडे, नोटा एकीकडे, गुरूचा वाटा आधी काढला जातो. उरलेल्यांतून वर्गणी होते आणि एक जण पव्वे आणायला जातो. प्लास्टिकच्या पेल्यांत पाण्याच्या पाऊचचे कोपरे दातांनी फोडून पाणी मिसळले जाते, आणि ज्याला त्या दिवशी काहीच मिळाले नाही त्यालाही त्याचा पेला मिळतो, तोही न मागता. ही उधारी कोणी लिहून ठेवत नाही. उद्या त्याच्याकडे असेल आणि दुसऱ्याकडे नसेल, एवढाच तिचा करार. उपाशी झोपू न देणारी जी आपुलकी, तीच या पेल्यात असते. म्हणून ज्या दिवशी एखादा म्हणतो, आजपासून मी घेणार नाही, त्या दिवशी तो उधारीच्या या साखळीतून बाहेर पडतो. त्याला कोणी हाकलत नाही; पण ‘लई मोठा झाला’ असा एक शब्द ऐकू येतो, त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागते, आणि ज्या रात्री पोलिसांनी उठवले त्या रात्री त्याला हाक मारून न्यायला कोणी थांबत नाही. केटरिंगच्या टोळीत भांडी उचलणाऱ्या, बँडच्या तळावर झोपणाऱ्या, पार्लरमध्ये मदतनीस असलेल्या समलिंगी मुलांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. तिथे तर डेऱ्याइतकाही आधार नसतो. आपण कोण आहोत हे लपवून टिकायचे असते, आणि चारचौघांसारखे पिणे हा चारचौघांसारखे असण्याचा सर्वांत स्वस्त पुरावा ठरतो.

परदेशी संशोधनाने या गोष्टीला बरीच पुष्टी दिली आहे. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल संस्थेने अमेरिकेतील बेघर तरुणांची जी पाहणी केली, तीत समलिंगी-पारलिंगी तरुणांना बेघर होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की, ज्यांना किशोरवयात कुटुंबाचा तीव्र नकार सोसावा लागला, अशा तरुणांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, ज्यांना असा नकार फारसा सोसावा लागला नाही त्यांच्या ८.४ पट, आणि बेकायदा अमली पदार्थ घेण्याचे प्रमाण ३.४ पट होते. समाजाच्या तिरस्काराचा ताण सतत, दररोज सोसल्याने शरीर व मन यांवर काय परिणाम होतात, याची मांडणी इलान मायर यांनी २००३ साली केली, आणि पुढील बहुतेक अभ्यास तिच्याच पायावर उभे आहेत. परंतु आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे काम एरिक राइस यांनी लॉस एंजेलिसमधील बेघर मुलांमध्ये केले. ज्या मुलांचा फोनद्वारे वा इंटरनेटद्वारे आईबाप, भावंडे किंवा घराकडील जुन्या मित्रांशी संपर्क टिकून होता, ती कमी पीत होती. रस्त्यावरचे सोबती नशा करणारे असले, तर मात्र मुलांची नशा अधिक आढळली. दोन्ही आधारच, पण एक पेल्यापासून दूर नेणारा, दुसरा नशेकडे ओढणारा.

अर्थात लॉस एंजेलिसचे निष्कर्ष सालेकशास जसेच्या तसे लागू करणे बरे नव्हे. तिकडे अठरा वर्षांचा मुलगा घर सोडून निघाला तर ते वयाला धरून झाले असेच लोक म्हणतात; इकडे घर म्हणजे जात, जमीन, सोयरीक, शिधापत्रिका आणि पिंडाला कावळा शिवण्यापर्यंतचे सारे काही असते, आणि म्हणून तुटणेही समूळ असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी केरळ डेव्हलपमेंट सोसायटीने दिल्ली व उत्तर प्रदेशात केलेल्या पाहणीत केवळ २ टक्के पारलिंगी व्यक्ती आईवडिलांसह राहत असल्याचे आढळले. परंतु याच कारणामुळे राइस यांच्या निष्कर्षातील एक धागा आपल्याकडे अधिकच घट्ट बसतो, असे मला वाटते. बापाने दार लावले तरी मागच्या दाराने कोणीतरी बोलत राहते. बहुधा ती मोठी बहीण असते, कधी मावशी, कधी आजी. नवरा शेतावर गेला की ती फोन लावते, जेवलास का विचारते, आईला ताप आला होता हे सांगते, आणि कोणी आले की ‘रॉंग नंबर’ म्हणून ठेवून देते. त्या फोनची वेळ ठरलेली असेल तर मुलगा त्या वेळेपर्यंत पीत नाही, कारण आवाजावरून बहिणीला कळते. कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राने आजवर या बहिणीचा पत्ता विचारलेला माझ्या ऐकिवात नाही.

संस्था नाहीतच असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली एक लाख वस्तीमागे १०० माणसांची सोय होईल असा, चोवीस तास उघडा राहणारा निवारा असावा असा निकष २०१३ साली ठरला, आणि सव्वा लाखावर वस्तीच्या गोंदिया शहराला तो लागू पडत होता. पण निवारा पुरुषांचा आणि स्त्रियांचा असतो, आणि पारलिंगी मुलीने कोणत्या दारातून जावे हे तो सांगत नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी ‘गरिमा गृह’ ही केंद्र सरकारची योजना २०२० पासून सुरू झाली, ती मोठ्या शहरांपुरती. सुमारे १३० किलोमीटरवरील नागपुरात सारथी ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापलेला समपथिक ट्रस्ट, मुंबईत १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट यांनी या मुलांसाठी जे केले आहे त्याविषयी कृतज्ञता वाटते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने रुग्णाला माणूस म्हणून वागवण्याची आणि कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची जी पद्धत रुजवली, तिने महाराष्ट्रातील हजारो घरे सावरली. अडचण अशी की, आमच्या मुलाच्या उपचारात कुटुंब म्हणून कोणाला बोलवायचे? १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि १९५७ पासून भारतात असलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला पत्ता लागत नाही, आडनाव लागत नाही, पिणे सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. बेघर मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. तरी तेथेही बायकोने सोसले, मुलांनी सोसले अशी निवेदने चालू असता, आपला ज्याच्यावर जीव होता त्या मुलाचे लग्न झाले त्या रात्रीपासून आपण पिऊ लागलो, हे उठून सांगणे त्याला जड जाते.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी एक उलटा क्रम अवलंबिला. तोवर बेघर व्यसनी माणसाने आधी पिणे सोडावे, मग त्याला घर मिळावे, असा दंडक होता. त्यांनी आधी घराची किल्ली दिली आणि व्यसनाविषयी नंतर, त्याच्या इच्छेने बोलायचे ठरवले. अशा घरांत माणसे टिकून राहिली, हे पुढील अनेक अभ्यासांनी निर्विवाद दाखवले. पिणे त्यामुळे आपोआप कमी झाले असा दावा मात्र त्या अभ्यासांना करता आला नाही, आणि तो मीही करणार नाही. छप्पर मिळाल्याने दारू सुटत नाही. छप्पर मिळाल्याने इतके होते की, संध्याकाळच्या त्या गोलात न बसताही रात्र काढता येते, आणि सोडायचे की नाही याचा निर्णय प्रथमच त्या मुलाच्या हाती येतो. गोंदियासारख्या ठिकाणी असे छप्पर म्हणजे मोठी इमारत नव्हे. चार-सहा जणांना राहता येईल अशी भाड्याची दोन खोल्यांची जागा, तिच्यात प्यायल्याबद्दल कोणाला बाहेर न काढण्याचा नियम, आणि डेऱ्यातील गुरूशी भांडण न मांडता तिच्याशी बोलणी करून उभारलेली व्यवस्था, एवढ्याने सुरुवात होण्यासारखी आहे. गुरूला शत्रू मानून या मुलांचे कल्याण साधू पाहणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु मुलाला असलेली एकमेव माणसे ते त्याच्यापासून तोडतात, आणि संस्थेचा प्रकल्प संपला की तो पूर्वीपेक्षा एकटा उरतो.

शासकीय रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर पहिला प्रश्न नावाचा असतो, दुसरा वयाचा, आणि भरती करायची झाल्यास तिसरा, ‘सोबत कोण आहे?’ आपल्या रुग्णालयांत नातलगांवाचून रुग्णाचे पान हलत नाही, औषध आणण्यापासून सही करण्यापर्यंत सारे सोबतच्या माणसाने करायचे असते, म्हणून हा प्रश्न आलेला आहे. पिणे एकाएकी बंद झाल्याने हातपाय कापू लागलेला, झटके येऊ लागलेला, भास होऊ लागलेला मुलगा या प्रश्नापाशी अडतो. आणि ही अवस्था वेळेवर उपचार न मिळाल्यास प्राणावर बेतणारी असते. अशा वेळी उपयोगी पडणारा कायदा आपल्याकडे आहे, आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजारात धरल्या आहेत. लैंगिक कल वा लिंग यांवरून उपचारात भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. निराधार किंवा बेघर रुग्णास, त्याच्यापाशी दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो, सरकारी सेवेत मोफत उपचार मिळाले पाहिजेत असे तो म्हणतो. सज्ञान माणसास स्वतःच्या इच्छेने, कोणा नातलगाच्या संमतीवाचून उपचारासाठी दाखल होता येते. आणि त्याच्या १४ व्या कलमान्वये प्रत्येक सज्ञान व्यक्तीस आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. तो रक्ताचा नातलग असलाच पाहिजे अशी अट नाही. डेऱ्यातील गुरूभाई चालते, खोलीवरचा मित्र चालतो, मागच्या दाराने फोन करणारी बहीण तर चालतेच. साध्या कागदावर त्या व्यक्तीचे नाव लिहावे आणि खाली सही किंवा अंगठा करावा, आणि नेमलेल्या सज्ञान व्यक्तीने आपली संमती लेखी द्यावी, इतकेच कायदा मागतो. हा कागद आजारी पडण्याच्या आधीच करून ठेवता येतो, आणि डेऱ्यांत, बँडच्या तळांवर, केटरिंगच्या टोळ्यांत तो करून घेण्याचे काम कोणत्याही शिक्षकाला, आशा सेविकेला किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्याला एका दुपारी बसून करता येईल. त्याला मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही, आणि रहिवासाचा दाखलाही लागत नाही.